भिवंडीची गोदामं आणि शून्य किलोमीटर

भिवंडी तालुक्यात माणकोली, पूर्णा, काल्हेर, राहनाळ, वळ या पट्ट्यात गोदामाला खेटून गोदाम उभं आहे. समजा, एका गाळ्यातून माल निघाला आणि तो ९०० मीटरवरच्या दुसऱ्या गाळ्यात उतरवायचा आहे. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश हाताशी आहेत. पृथ्वीच्या गोलावरचं अंतर काढायचं पुस्तकी सूत्र एका साध्या, सात अंकांपर्यंतच गणित करणाऱ्या चिपमध्ये घातलं, तर उत्तर येऊ शकतं शून्य किलोमीटर. म्हणजे टेम्पो पोहोचलेलाच आहे!

सूत्र चुकीचं नाही. टंकलेखनात चूक नाही. चिपही धडधाकट आहे. तरीही उत्तर कोलमडतं, कारण कागदावरचं गणित आणि यंत्रातलं गणित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साइन, कोसाइन, लॉग, गॅमा, बेसेल असली फलनं संगणकाकडून बिनचूक काढून घेण्याची एक स्वतंत्र विद्या आहे, आणि तिचे काही फार देखणे नमुने आपल्याच मातीत सापडतात.

टेम्पोची शिडी

आधी त्या शून्याचा उलगडा. पुस्तकी सूत्र आधी पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनाचा कोसाइन काढतं. ९०० मीटरसाठी तो कोन इतका बारीक असतो, की कोसाइन येतो ०.९९९९९९९९. सात अंकी चिपच्या संग्रहात १ च्या खालची सर्वांत जवळची संख्या आहे ०.९९९९९९९४. आपला कोसाइन या दोहोंच्या मध्ये पडतो आणि १ ला जास्त जवळचा असतो. चिप त्याला १ करून टाकते. ज्याचा कोसाइन १, तो कोन शून्य; कोन शून्य, म्हणून अंतर शून्य.

पुढची गंमत तर अशी, की बाकी साऱ्या पायऱ्या बिनचूक धरल्या तरी ही चिप शून्यानंतर थेट २.२ किलोमीटरवर उडी मारते. मग ३.१, मग ३.८. मधलं कुठलंच अंतर तिला सांगता येत नाही. दीड किलोमीटरच्या आतली सगळी गोदामं तिच्या लेखी एकाच जागी!

ट्रक वजनकाट्यावर चढवायचा, खिशात काडेपेटी ठेवून आणि न ठेवता दोनदा वजन करायचं, आणि वजाबाकीतून काडेपेटीचं वजन शोधायचं, असा हा प्रकार आहे. काडेपेटी वेगळी मोजा, प्रश्न मिटला.

गणितात ‘काडेपेटी वेगळी मोजणं’ म्हणजे हॅव्हरसाइन. कोसाइनच्या वाटेला न जाता अर्ध्या कोनाच्या साइनचा वर्ग काढायचा. तो येतो ०.००००००००५ एवढा इवलासा. पण यंत्राला इवल्या संख्येचं भय नसतं. संगणकातल्या फ्लोटिंग पॉइंट संख्येत ठरावीक सार्थ अंक आणि दशांश चिन्ह कुठे आहे याची नोंद, एवढंच साठवलेलं असतं. त्यामुळे शून्याजवळ संख्या दाटीवाटीने असतात आणि १ जवळ विरळ. त्याच सात अंकी चिपवर हॅव्हरसाइन वापरलं, की अंतर मीटरभराच्या फरकाने बरोबर येतं. यंत्र तेच, पृथ्वी तीच, फक्त गणिताची वाट बदलली.

हॅव्हरसाइन हे नाव १८३५ साली जेम्स इनमन यांनी दर्यावर्दी लोकांसाठी रूढ केलं. संगणक आल्यावर ते अडगळीत गेलं. १९८४ साली ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकात आर. डब्ल्यू. सिनॉट यांनी त्याचे गुण पुन्हा सांगितले, आणि आज नकाशांच्या प्रोग्रॅममध्ये ते सर्रास दिसतं.

दीड हजार वर्षांपूर्वीचा वेगळा रकाना

‘१ उणे कोसाइन’ या राशीला आपल्याकडे फार पूर्वीपासून स्वतंत्र नाव आहे: उत्क्रमज्या. सूर्यसिद्धान्तात ज्या, म्हणजे त्रिज्येने गुणलेला साइन, हिच्या २४ किमतींसोबत उत्क्रमज्यांच्याही २४ किमती दिल्या आहेत. त्रिज्या ३४३८ धरून त्या ७, २९, ६६, ११७ अशा चढत जातात. त्या पूर्णांकांत असल्याने अचूकतेचा फायदा तिथे मोठा नाही, हे खरं. पण उत्क्रमज्या हाताशी असली, की तिच्यावरून अर्ध्या कोनाची ज्या वर्गमूळ काढून मिळते, आणि हा नियम भास्कराचार्यांनीही वापरला. हॅव्हरसाइन म्हणजे त्याच उत्क्रमज्येचा निम्मा भाग.

जाता जाता, भिवंडीच्या यंत्रमागातही ही राशी रोज फिरते. धागा ठोकून बसवणारी फणीची चौकट क्रँकच्या जोरावर पुढे-मागे होते, आणि पुढच्या टोकापासून तिचं सरकणं मुख्यतः क्रँकची त्रिज्या गुणिले ‘१ उणे कोसाइन’ एवढं असतं. ठोक्याच्या क्षणी कोन अगदी लहान असतो. माग चालवणाऱ्या कारागिराला नेमका तोच क्षण महत्त्वाचा, आणि कोसाइनची वजाबाकी नेमकी तिथेच दगा देते.

नव्वद पावलं, चूक शून्य पूर्णांक दोन शतांश

आता भास्कराचार्य. शके १०३६, म्हणजे १११४ चा जन्म. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जडविड हे आपलं गाव, असं ते स्वतः लिहून गेले. ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५० चा. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

भास्कराचार्यांनी एकेका अंशाने ज्या काढण्याची एक युक्ती दिली आहे. हातातल्या ज्येतून तिचाच ६५६९ वा भाग वजा करा. कोटिज्येला, म्हणजे त्रिज्येने गुणलेल्या कोसाइनला, १० ने गुणून ५७३ ने भागा. दोन्हींची बेरीज केली, की पुढच्या अंशाची ज्या तयार. कोटिज्येसाठी असंच, फक्त बेरजेच्या जागी वजाबाकी. त्रिज्या ३४३८. पहिल्या पावलाला ३४३८ गुणिले १० भागिले ५७३ बरोबर ६० येतात. किती नेटकं!

पण खरी परीक्षा पुढे आहे. अशा साखळी हिशोबात आधीची चूक पुढच्या पावलात शिरते, म्हणून नव्वद अंशांपर्यंत जाताना ती किती फुगेल हा प्रश्न. हिशोब मांडला तर कळतं, की हे दोन अपूर्णांक मिळून प्रत्येक पावलाला त्रिज्येची लांबी जेमतेम दीड कोटीत एक भाग एवढीच वाढवतात. नव्वद पावलांनंतर ३४३८ च्या जागी येतात ३४३८.०२! मला हे उत्तर दिसलं तेव्हा त्या दोन अपूर्णांकांवरून नजर हलेना. साखळी लांबली तरी चूक उधळत नाही, याचं नाव आज ‘संख्यात्मक स्थिरता’. बाराव्या शतकातल्या या पद्धतीत ती पूर्णपणे आहे.

कोन थोडा थोडा फिरवत साइन काढायची हीच कल्पना वेगळ्या रूपात १९५६ मध्ये जॅक व्होल्डर यांनी बी-५८ या अमेरिकी बाँबर विमानाच्या दिशादर्शक संगणकासाठी बांधली. तिचं नाव कॉर्डिक. कोन असे निवडायचे, की त्यांचे टॅन्जंट १, अर्धा, पाव, अष्टमांश असे उतरत जातील. मग गुणाकाराची गरजच उरत नाही, बायनरी अंक नुसते सरकवले की झालं. १९७२ मध्ये आलेला ह्यूलेट-पॅकार्डचा एचपी-३५, म्हणजे पहिला खिशात मावणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर, याच घराण्यातल्या पद्धती वापरायचा.

आणि त्याच एचपी-३५ मध्ये एक चूक निघाली! २.०२ चा नैसर्गिक लॉग काढा, लगेच त्याचा घातांक काढा. जिथून निघालो तिथेच, म्हणजे २.०२ वर परतायला हवं. यंत्र दाखवायचं २. पुढे कंपनीने ग्राहकांना कॅल्क्युलेटर दुरुस्त करून घेण्याची मुभा दिली.

नांदगावचे गणेश दैवज्ञ: ज्या नकोच

या साऱ्या मंडळींत माझे सर्वांत लाडके गणेश दैवज्ञ. कोकणात मुरुडजवळच्या नांदगावचे. शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली त्यांनी ‘ग्रहलाघव’ लिहिला आणि महाराष्ट्रातल्या पंचांगकर्त्यांनी तो पिढ्यान् पिढ्या वापरला. नाव सार्थ आहे: ग्रहगणित हलकं करणारा ग्रंथ.

त्यांनी दोन गोष्टी केल्या, आणि दोन्ही आजच्या प्रोग्रॅमरला तोंडपाठ असायला हव्यात.

पहिली: मोठ्या संख्या दारातच अडवल्या. ग्रहाचं स्थान काढायला एका ठरावीक दिवसापासून आजपर्यंतचे दिवस, म्हणजे अहर्गण लागतो. कलियुगाच्या आरंभापासून मोजले तर १५२० मध्येच ते सुमारे १६ लाख ८८ हजार होतात. एवढ्या संख्येला ग्रहाच्या गतीने गुणायचं, हजारो फेऱ्या टाकून द्यायच्या आणि उरलेला तुकडा तेवढा ठेवायचा. गतीतली केसाएवढी चूक लाखोपट होऊन बाहेर येते. गणेश दैवज्ञांनी काळाचे अकरा-अकरा वर्षांचे तुकडे पाडले. एक चक्र ४०१६ दिवसांचं. १३६ चांद्रमास भरतात ४०१६.१६ दिवसांत, म्हणून हा आकडा. चक्रं किती झाली त्यासाठी एक तयार स्थिरांक, ध्रुवक. उरलेला अहर्गण चार हजारांच्या घरातच राहतो. पाटीवर, बोटांवर, डोक्यात, कुठेही करा.

दुसरी: ज्या आणि चाप यांना रजाच दिली. सूर्याच्या मंदफलाचा, म्हणजे सरासरी स्थानात करायच्या दुरुस्तीचा, त्यांचा नियम पाहा. भुजाचे अंश ९ ने भागा. आलेली संख्या २० मधून वजा करा आणि बाकीला तिनेच गुणा. या गुणाकाराचा नववा भाग ५७ मधून वजा करा. गुणाकाराला या बाकीने भागा. संपलं! ९० अंशांसाठी करून बघा: १० गुणिले १० म्हणजे १००, भागिले ४५.८९, उत्तर २ अंश १० कला ४५ विकला. ना तक्ता, ना ज्या, ना वर्गमूळ.

या नियमामागे सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचा साचा आहे. त्यांनी साइनसाठी दिलेला अपूर्णांक असा: कोन गुणिले १८० मधून कोन वजा, याला राशी म्हणा. राशीची चौपट भागिले ४०५०० उणे राशी. ३० अंशांना बरोबर अर्धा येतो, ९० ला बरोबर १. इतर ठिकाणी चूक होते, पण ती कुठेही हजारात दोनपर्यंत जात नाही. ‘लीलावती’तही जीवा काढायला हाच साचा आहे, आणि ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ नावाची टीका लिहिणारे तेच हे गणेश दैवज्ञ, साल १५४५.

आजच्या संगणकांत साइन काढतानाही हेच दोन टप्पे असतात: आधी मोठा कोन लहान पट्ट्यात आणायचा, मग तिथे एखादी साधी बीजगणिती राशी चालवायची.

दहाचा बाविसावा घात

पहिला टप्पा किती अवघड असतो याची कसोटी म्हणून जाणकार एक प्रश्न विचारतात: १ वर २२ शून्यं, एवढ्या रेडियनचा साइन किती? उत्तर उणे ०.८५२२००८४९७. हे मिळवायला त्या प्रचंड कोनातून पूर्ण फेऱ्या अचूक वगळाव्या लागतात, आणि त्यासाठी पायचे चाळीसच्या आसपास अंक हाताशी हवेत. सोळा अंकी यंत्रातल्या कुठल्याही कोनासाठी ही हमी द्यायची, तर पायचे अकराशेहून जास्त बायनरी अंक साठवावे लागतात. मेरी पेन आणि रॉबर्ट हॅनेक यांनी १९८३ मध्ये त्यासाठीची पद्धत प्रसिद्ध केली.

दुसरी गंमत घरी करता येते. संगणकाला साइन पाय विचारा. शून्य यायला हवं, पण येतं ०.०००००००००००००००१२२४६. चूक वाटते ना? उत्तर अचूक आहे! संगणकाकडचा पाय खऱ्या पायपेक्षा बरोबर तेवढ्याने कमी आहे. ते इवलंसं उत्तर साठवलेल्या पायमध्ये मिळवलं, की पाय तिसाहून जास्त अंकांपर्यंत हाती येतो.

सेकंदाला एक पैसा

आता व्यापाराचा हिशोब. कुणी दर सेकंदाला एक पैसा खात्यात टाकतो, वर्षभर, दरसाल दहा टक्क्यांनी, आणि व्याजही दर सेकंदाला चढतं. वर्षाचे सेकंद ३,१५,३६,०००. मुद्दल झालं ३,१५,३६० रुपये. व्याजासकट खरं उत्तर ३,३१,६६७ रुपये.

दहा अंकी यंत्रावर मात्र पहिल्याच पावलाला घात होतो. सेकंदाचा दर आहे ०.००००००००३१७. त्यात १ मिळवला, की दहा अंकांत उरतं १.००००००००३, ‘१७’ गेले. पुढचं सगळं अचूक केलं तरी उत्तर ३,१२,९२५ रुपये. व्याज तर नाहीच, मुद्दलातूनच अडीच हजारांच्या आसपास गळाले!

या जातीच्या हिशोबावर विल्यम कहान यांनी फार जीव लावला. फ्लोटिंग पॉइंटचं १९८५ चं जागतिक प्रमाण, आयईईई ७५४, घडवण्यात त्यांचा वाटा सर्वांत मोठा, आणि १९८९ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं. उपाय साधा आहे: ‘१ अधिक क्ष’चा लॉग काढणारं एक वेगळं फलन, आणि घातांकातून १ वजा करून देणारं दुसरं. लॉग-वन-पी आणि एक्स्प-एम-वन. सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणात दोन्ही आहेत, पायथनमध्येही. तरी व्याजाच्या प्रोग्रॅममध्ये कित्येकदा सरळसोट ‘१ अधिक दर’ लिहिलेलं दिसतं, आणि ते पाहून जीव कळवळतो.

भरभर दोन गोष्टी

सोळा अंकी यंत्रात १७० चा क्रमगुणित मावतो, १७१ चा फुटतो. पण पत्त्यांच्या, लॉटरीच्या, तपासणीला काढलेल्या नमुन्यांच्या हिशोबात हजारांचे क्रमगुणित लागतात. म्हणून क्रमगुणिताऐवजी त्याचा लॉग काढतात, लॉगांची बेरीज-वजाबाकी करतात आणि शेवटी परत येतात. एक्सेलमधलं गॅमाएलएन नेमकं यासाठी आहे.

ई चा उणे विसावा घात पुस्तकातल्या श्रेणीने काढू नका. उत्तर आहे ०.००००००००२०६. श्रेणीत मात्र ४ कोटी ३१ लाखांची पदं येतात, एक अधिक, एक उणे, आणि त्यांनी एकमेकांना खाऊन हे टीचभर उत्तर उरावं अशी अपेक्षा. एवढ्या मोठ्या संख्यांजवळ सोळा अंकी यंत्रातल्या दोन शेजारच्या संख्यांमधलं अंतरच ०.००००००००७ च्या वर असतं, उत्तराच्या तिपटीहून जास्त. ई चा अधिक विसावा घात काढा आणि त्याने १ ला भागा. तिथे सगळी पदं धन, भांडण नाही.

उलटं चाला

शेवटचा खेळ साध्या कॅल्क्युलेटरवर होतो. एक साखळी घ्या. पहिली संख्या ०.३६७८७९, म्हणजे १ भागिले ई. नियम: दुसरी संख्या काढायला पहिलीला २ ने गुणा आणि १ मधून वजा करा, तिसरीसाठी दुसरीला ३ ने, असंच पुढे. या संख्या वक्ररेषेखालची क्षेत्रफळं आहेत, म्हणून सगळ्या धन आणि उतरत्या हव्यात. मिळतं काय? ०.२६४२४२, ०.२०७२७४, ०.१७०९०४, ०.१४५४८०, ०.१२७१२०, ०.११०१६०. इथवर ठीक. आठवी ०.११८७२०, म्हणजे वाढली! नववी उणे ०.०६८४८०. क्षेत्रफळ उणे!

दोष कुणाचा? पहिल्या संख्येतली सातव्या अंकाची चूक २ ने, ३ ने, ४ ने गुणत गुणत नवव्या पावलाला ३,६२,८८० पट झाली.

आता तीच साखळी उलटी चालवा. विसावी संख्या चक्क शून्य धरा, जी चूक आहे हे आपल्याला ठाऊक आहे. १ मधून ती वजा करा, २० ने भागा: एकोणिसावी ०.०५. ती १ मधून वजा करा, १९ ने भागा. असं करत नवव्यावर या. उत्तर ०.०९१६१२, सहाही अंक बरोबर. पुढे जाताना चूक गुणली जायची, मागे येताना ती भागली जाते. म्हणून चुकीच्या जागेवरून निघूनही आपण बरोबर ठिकाणी पोहोचतो.

ढोलासारख्या गोल ताणलेल्या कातड्याची कंपनं मोजायला जी बेसेल फलनं लागतात, त्यांचंही असंच. वरच्या क्रमांकाकडे चढत गेलं तर हिशोब लवकरच कचरा होतो. जे. सी. पी. मिलर यांनी दूरवरच्या क्रमांकाला काहीही किंमत धरून खाली उतरण्याची पद्धत वापरली. ब्रिटिश असोसिएशनच्या १९५२ च्या बेसेल तक्त्यांत ती आहे, आणि आजच्या सॉफ्टवेअरमध्येही ती चालते.

एवढं सगळं सांभाळल्यावर, प्रत्येक उत्तर शेवटच्या अंकापर्यंत बरोबर आहे याची खात्री कशी करायची? सात अंकी यंत्रात ती करता येते: एका फलनाला देता येण्याजोग्या साऱ्या संख्या मिळून ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६, संगणक त्या एकेक करून तपासतो. सोळा अंकी यंत्रात मात्र सेकंदाला शंभर कोटी तपासल्या तरी ५८४ वर्षं लागतील, म्हणून तिथे तपासणीच्या जागी सिद्धता लिहावी लागते, प्रत्येक फलनासाठी वेगळी.